उलटी चढलेली गाडी

कुंभिवलीला हायवेलगत माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ट्रकच्या डिझेल टाक्या, गेट, शेड असली कामं. एका सकाळी टेंपोतून एक गाडी उतरली: जुनी, बुटकी, छप्पर कापलेली, आणि बॉनेटमध्ये न मावणारं भलंमोठं इंजिन. असल्या गाडीला हॉट रॉड म्हणतात, हे मला गाडीबरोबर आलेल्या बाईंनीच सांगितलं.

बाई नेरळच्या, शिवणकाम करणाऱ्या. कर्जतजवळच्या एका फार्महाउसचे पडदे त्या शिवायच्या. मालक परदेशी कायमचा निघाला आणि ही गाडी त्यांना देऊन गेला. पेट्रोलची टाकी पार गंजलेली.

"नवी टाकी होईल का, दादा?"

"ताई, ट्रकची चौकोनी टाकी मी डोळे मिटून करीन. पण ही डिकी बघा, एक बाजू सरळ नाय."

त्यांनी पुठ्ठा मागितला, डिकीत अर्ध्या शिरल्या आणि ब्लाउजचा कागद बेतावा तसे तुकडे कापू लागल्या. त्या मापाने मी पत्रा कापला, वाकवला. आत आडव्या पट्ट्या बसवताना त्यांनी विचारलं, "या कशाला?"

"वळणावर पेट्रोल हेलकावे खातं. या त्याला अडवतात."

टाकीत हवा भरून सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. फुगे कुठे येतात ते बघायला त्या वाकल्याच होत्या. एका कोपऱ्यात आला. तो परत वेल्ड केला.

पेट्रोल ओढणारी नळी टाकीच्या पुढच्या अंगाला ठेवली, कारण गाडीत तिची वाट तिथूनच होती. टाकी बसवली, थोडं पेट्रोल घातलं आणि आम्ही कर्जतवरून कशेळ्याकडे निघालो. बाई चालवत होत्या. कशेळ्याच्या अलीकडे चढ लागला आणि अर्ध्यावर इंजिन बंद. मागे उतरून सपाटीवर आलो, चालू झालं. पुन्हा चढ, पुन्हा बंद.

"पेट्रोल तर हाय ना?" बाईंनी विचारलं.

"हाय, पण चढावर सगळं मागं सरकतं. पुढची नळी हवा ओढते."

बाईंनी मान वळवून मागे बघितलं. मग म्हणाल्या, "उलटी नेली तर पेट्रोल पुढं येईल की!"

मी हसलो, पण मलाही बघायचंच होतं. त्यांनी गाडी वळवली आणि रिव्हर्समध्ये घातली. मागे कोण येतंय ते बघत मी शेजारून धावत होतो. एक शेअर जीप थांबली, आतली माणसं वाकून बघू लागली. गाडी उलटी, धापा टाकत, थेट माथ्यावर पोचली.

दुकानात आल्यावर टाकी रिकामी करून खळखळून धुतली. कापताना पेट्रोलच्या वाफेने पेट घेऊ नये म्हणून तिच्यात पाणी भरून ठेवलं. मग मागच्या तळाला वाटीसारखा खोलगट भाग जोडला आणि नळीचं तोंड त्यात सोडलं. नळी पुढून निघाली, पण तोंड कायम पेट्रोलात.

दुसऱ्या खेपेला तोच चढ गाडीने सरळ काढला. बाईंनी मुठीने स्टिअरिंगवर एकदा ठोकलं.

कशेळ्याच्या बाजारात गाडीभोवती माणसं जमली. बाई एकेकाला डिकी उघडून आमची टाकी दाखवू लागल्या. एका म्हाताऱ्या बाबांनी टाकी नीट निरखली आणि विचारलं, "लिटरला किती देते गं ही गाडी?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. ते मोजायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.