बिनपगारी रजा आणि बेसनाचे लाडू

रत्नप्रभा खांबेटे यांना आजारी पडणं जमत नसे. म्हणजे आजार यायचे, सगळ्यांना येतात तसे. पण ते आलेत हे कबूल करायचं बाईंच्या अगदी जिवावर यायचं. ताप असला की अंग 'जरा गरम' असायचं, चक्कर आली की ती उन्हाने असायची, आणि घरात कुणी फारच खोदून विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळायचं, "मला काय धाड भरलीय?"

आता गंमत बघा. हीच बाई पुण्याला एका विद्यापीठात नोकरीला होती, तेव्हा शिक्षकेतर कर्मचारी संघटनेची सेक्रेटरी होती, आणि आजारपणाच्या रजेसाठी भांडण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. मेडिकल बोर्डापुढे कुणाला जायचं असलं की तो आधी रत्नप्रभाबाईंच्या टेबलाशी यायचा. बाई शिकवणी घ्यायच्या. कडक इस्त्रीचा शर्ट घालू नका. दाढी राहू दे. डॉक्टरांनी 'कसे आहात' विचारलं की 'ठीक आहे' म्हणून मोकळे होऊ नका. ठीक असता तर इथे कशाला झक मारायला आला असता? काय करता येत नाही, ते सांगा. खोटं एक अक्षर बोलू नका, पण खरं पोटात ठेवू नका. या शिकवणीवर कितीतरी शिपाई आणि कारकून धडपणे बरे होऊन कामावर परतले.

पुढे नवरा, अरुणकुमार, गॅस कंपनीत इंजिनिअर म्हणून कतारला आला, तशी बाईंनीही पुण्याची नोकरी सोडली. अल गराफ्याला घर मिळालं आणि दोहातल्या एका विद्यापीठात रसायनशास्त्राच्या लॅबची इन-चार्ज म्हणून जागाही मिळाली. लॅब म्हणजे बाईंचा जीव की प्राण. कुठल्या कपाटात कुठली बाटली, कुठल्या मुलाने ब्युरेट फोडून गुपचूप कचऱ्यात टाकली, सगळं त्यांना माहीत. फक्त एका गोष्टीची रुखरुख होती. इथे परदेशातून आलेल्या नोकरदारांची संघटना नव्हती. "इथे एचआर आहे आणि इन्शाल्ला आहे," असं त्या म्हणायच्या, आणि कामाला लागायच्या.

फुटबॉल वर्ल्ड कपचं वर्ष उजाडलं होतं. दोहाचं पार लग्नघर झालं होतं. जो तो घाईत, रोज एक नवा रस्ता उघडायचा आणि रोज एक ओळखीचा रस्ता बंद व्हायचा. विद्यापीठानेही मॅचेसच्या सुट्ट्या धरून सगळं वेळापत्रक पुढेमागे केलं होतं, आणि त्या गडबडीत प्रॅक्टिकलं एकावर एक आली. एका सकाळी काचेच्या बाटल्यांचा खोका गोडाऊनमधून वर न्यायचा होता. ट्रॉली येईपर्यंत थांबा, असं लॅबमधली मदतनीस मुलगी, नुपूर, म्हणाली होती. "ट्रॉलीची वाट बघत मी काय हात चोळत बसू?" असं म्हणून बाईंनी खोका उचलला, आणि कमरेत काहीतरी असं सटकलं की त्या खोक्यासकट खाली बसल्या. बाटली मात्र एकही फुटू दिली नाही.

मणक्याचं ऑपरेशन झालं. भरपगारी रजा संपली, अर्धपगारी संपली, आणि मग बिनपगारी वैद्यकीय रजा सुरू झाली. एचआरच्या साजिदाने फोन करून नियम समजावले. साजिदा हैदराबादची, बोलायला गोड, पण नियमाला पक्की. बिनपगारी रजा वाढवायची तर मेडिकल कमिटीपुढे यावं लागेल. कमिटी म्हणाली अजून बऱ्या नाहीत, तर रजा वाढेल आणि जागा तुमच्यासाठी राखून ठेवू. कमिटी म्हणाली बऱ्या आहेत, तर रविवारी, म्हणजे इथला आठवडा सुरू होतो त्या दिवशी, कामावर हजर. हजर झाला नाहीत, तर खलास, जागा रिकामी धरणार.

आणि जागा रिकामी झाली तर कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नुपूरची. नाशिकची ही मुलगी सहा महिन्यांच्या करारावर लॅबमध्ये आली होती, शहराच्या टोकाला मुऐदरला एका व्हिलातल्या खोलीत राहायची. बाईंच्या मागे तीच लॅब सांभाळत होती आणि चांगली सांभाळत होती. तिचा करार संपत आला होता. बाईंची खुर्ची मिळाली तर तिला राहता येणार होतं, नाहीतर सामान बांधायचं. हे कळल्यापासून नुपूरच्या फोनवर बाई जरा तुटक बोलू लागल्या. स्टॉकचं विचारलं की म्हणायच्या, "तू बघ. तुला सगळं येतंच आता."

अशा परिस्थितीत रत्नप्रभाबाई कमिटीपुढे जायला निघाल्या. आता तुम्ही म्हणाल, ज्या बाईने अख्ख्या पुण्याला शिकवलं, ती स्वतः कशी गेली असेल? लोका सांगे ब्रह्मज्ञान! बाई गेल्या कडक इस्त्रीची नारायणपेठ नेसून, केसांवर गजऱ्यासारखी क्लिप लावून, आणि हातात स्टीलचा डबा घेऊन. डब्यात बेसनाचे लाडू. कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नाही, हे आईने शिकवलेलं. मग ते दार मेडिकल कमिटीचं का असेना.

लाडवांची खरी हकीकत वेगळी होती. बाईंना दहा मिनिटंही ओट्याशी उभं राहवत नव्हतं. आदल्या दिवशी अरुणकुमारांनी बेसन भाजलं, आणि बाईंनी पलंगावरून हुकूम सोडले. "वास आला का? नाही ना? मग हलवत राहा. हात थांबवू नका, लागेल." घामाघूम झालेल्या त्या इंजिनिअरने शेवटी लाडू वळलेसुद्धा. थोडे चपटे झाले होते, पण चव अप्रतिम होती.

कमिटीत तिघं होते. मधले इजिप्शियन डॉक्टर मोठे अगत्याचे. त्यांनी विचारलं, "कशा आहात?" बाई ताठ बसून म्हणाल्या, "फर्स्ट क्लास, अलहमदुलिल्ला." नवऱ्याने दाराशी कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी एक लाडू खाल्ला, दुसरा घेतला, आणि मान डोलावत म्हणाले, "हे तुम्ही घरी केलेत? स्वतः?"

इथे एका क्षणात सगळा निकाल लागला. खरं सांगायचं तर 'नाही, नवऱ्याने केले' म्हणायचं होतं. पण परक्या माणसांपुढे, नवऱ्याला ओट्याशी उभं केलं, मी लोळत होते, असं सांगायचं? जीव गेला असता तरी बाई ते बोलल्या नसत्या. "ऑफकोर्स," त्या म्हणाल्या. "बेसन घरी भाजल्याशिवाय मजा नाही. तासभर ढवळावं लागतं." एवढ्यात डॉक्टरांचं पेन टेबलावरून गडगडत खाली पडलं, आणि बाईंनी कुणाच्याही आधी वाकून ते उचलून दिलं. वाकताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण बाई हसत होत्या.

संध्याकाळी ईमेल आला. प्रगती उत्तम. रविवारपासून हजर व्हावे.

ईमेल वाचून बाई आधी खूश झाल्या, हे विशेष. म्हणाल्या, "बघा, मला काही झालेलं नाही हे डॉक्टरांनीच लिहून दिलं." मग पाणी प्यायला उठायला गेल्या आणि उठता येईना. सकाळच्या त्या एका वाकण्याने कंबर जी धरली होती ती धरलीच होती. अरुणकुमारांनी धरून उठवलं. हा माणूस सहसा आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी चढवला.

"पुण्यात लोकांना काय सांगायचीस? खरं पोटात ठेवू नका. आणि इथे? माझे लाडू स्वतःच्या नावावर खपवलेस. रविवारी तिथे उभी राहशील? सांग मला, किती वेळ राहशील?"

"राहीन की."

"रत्ना, चप्पल तुला मी घालतो."

 बाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "अहो, मला भीती वाटते. दुखतं म्हटलं की माणसं लगेच तुमच्याशिवाय चालवून घ्यायला शिकतात. पुण्यात किती जणांची टेबलं अशी गेलेली बघितली मी. रजा वाचवली, पण परत आला तर कोपऱ्यात स्टूल." आणि त्यांना रडू आलं. अरुणकुमार इंजिनिअर असले तरी शहाणे होते. ते नुसते शेजारी बसून राहिले.

सकाळी बाईंनी स्वतःहून साजिदाला फोन केला. साजिदाने सगळं ऐकलं, लाडवांपाशी तिला हसू आवरेना. मग म्हणाली, "रत्नाजी, फेरविचार एकदाच मिळतो. गुरुवारी या. सोबत एक सहकारी आणता येईल, तुमची हालत पाहिलेला. नवरा चालणार नाही, नवरे सगळं बायकोसारखंच बोलतात."

तुमची हालत पाहिलेला सहकारी. तो खोका उचलताना दुसरं कोण होतं? संघटना असती तर एक हाक मारली की जिना भरला असता. इथे एकच माणूस होता, आणि नेमका तोच. बाईंनी दोनदा नुपूरचा नंबर काढला आणि फोन खाली ठेवला. शेवटी फोन लावला, आणि आवाज शक्य तितका सरळ ठेवून म्हणाल्या, "नुपूर, गुरुवारी माझ्याबरोबर कमिटीपुढे येशील का? तुला अडचण असेल तर राहू दे. मी समजू शकते."

पलीकडे थोडी शांतता झाली. मग नुपूर म्हणाली, "येते ताई. किती वाजता?"

गुरुवारी स्टेडियमकडचा रस्ता परत बंद होता, त्यामुळे वळसा घालून जावं लागलं आणि प्रत्येक खड्ड्याला बाईंचा चेहरा बदलत होता. साधी कॉटनची साडी, डबा नाही. नुपूर फाटकाशीच उभी होती.

आत तेच तिघं. डॉक्टरांनी तसंच विचारलं, "कशा आहात?" बाईंच्या तोंडात ते 'फर्स्ट क्लास' अगदी येऊन ठेपलं होतं. त्यांनी गिळलं.

"बरी नाहीये," त्या म्हणाल्या. एवढं म्हटल्यावर पुढचं आपोआप येत गेलं. "त्या दिवशीचे लाडू मी केले नव्हते. माझ्या नवऱ्याने केले. मी पडून होते. मला उभं राहवत नाही. चप्पल तेच घालतात. पेन उचललं, त्यानंतर तुमच्या पार्किंगमध्ये मला गाडीत बसता येत नव्हतं. मी तुमच्याशी खोटं बोलले, आणि लाज वाटली म्हणून बोलले."

डॉक्टर चष्मा काढून ऐकत होते. मग त्यांनी नुपूरकडे पाहिलं. नुपूरने खोक्याचा दिवस सांगितला. ऑपरेशननंतर लॅबच्या किल्ल्या द्यायला बाई एकदा आल्या होत्या, तेव्हा जिन्यात मध्येच कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि कुणी दिसलं की फोनवर बोलल्याचं सोंग करत होत्या, हेही सांगितलं. ते नुपूरने पाहिलंय याची बाईंना कल्पना नव्हती. त्यांनी मान खाली घातली.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "जरा उभ्या राहून दाखवा."

बाईंनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. अर्ध्या उठल्या आणि थांबल्या. आजवर अशा वेळी दात आवळून त्या उठल्याच असत्या. त्यांनी परत बूड टेकलं आणि शेजारी बघून मराठीत म्हणाल्या, "नुपूर, हात दे गं."

रजा वाढली. वर्ल्ड कप संपेपर्यंत, गरज पडली तर पुढेही. जागा राखून ठेवली. साजिदाने बाहेर येऊन सांगितलं आणि इथल्या पद्धतीने "मबरूक" म्हणून अभिनंदन करून गेली. नुपूरचा करार वाढवायचं अजून काही ठरलेलं नव्हतं. वाढेल किंवा नाहीही वाढणार.

लिफ्टपर्यंतचा कॉरिडॉर लांब होता. बाई नुपूरच्या खांद्यावर हात ठेवून सावकाश चालत होत्या. मध्येच नुपूर म्हणाली, "ताई, खरं सांगू? तुमचा फोन आला तेव्हा मी काही क्षण बोललेच नाही. मनात आलं, नाही म्हणावं. नुसतं घरी बसून राहिले असते, तरी झालं असतं माझं काम."

"मला ठाऊक आहे," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"राग नाही आला?"

बाई थांबल्या. भिंतीला टेकल्या, श्वास घेतला. आयुष्यभर एकजुटीवर भाषणं केलेली ती बाई त्या पोरीकडे बघत राहिली.

"नुपूर," त्या म्हणाल्या, "तुझ्या जागी मी असते ना, तर मी आले नसते."