अप्पाच्या घरचा ॲड्रेस

मेलेल्या माणसावर जळू नये म्हणतात. मी जळतोय.

आमचा शिवलिंग अप्पा जाऊन आज महिना झाला. अंबाजोगाईला आमच्या कॉलेजच्या सर्व्हर रूममध्ये तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. कॉलेजचं सगळं नेटवर्क आम्ही दोघंच बघायचो.

आणि महिनाभर बघतोय, फेसबुकवर ज्याला त्याला अप्पा आपला जिवलग वाटायलाय.

कॅन्टीनवाला जिवलग. झेरॉक्सवाला जिवलग. लायब्ररीच्या मॅडमनी तर फोटोसकट कविता टाकली.

अरे, मग मी कोण होतो?

अप्पा कपिलधारच्या यात्रेला दरवर्षी पायी जायचा. सोबत चौसाळ्याचा मावसभाऊ, झेरॉक्सवाला, वाटेत भेटेल तो. मला कधी चल म्हणाला न्हाई. एकदा तोंडावर विचारलं, तर म्हणे, "तुला कुठं चालवतंय बे?"

चालवत न्हाई, खरंय. पण विचारायला काय जातंय?

आता थोडं कामाचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं न्हाई.

आमच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या राखणदारात, मी लिहिलेला एक नियम हाय. एकाच ॲड्रेसवरून, म्हणजे एकाच इंटरनेट कनेक्शनच्या नंबरावरून, कुणी सर्व्हरचं दार सारखं सारखं ठोकायला लागलं, की फायरवॉल तो ॲड्रेस ध्यानात ठेवते आणि दार लावून घेते. पासवर्ड चोरायला येणारे असेच ठोकत बसतात. माझा नियम सरळ होता. एकदा ब्लॉक, की कायमचा ब्लॉक.

अप्पानं त्यात बोट घातलंच.

त्याच्या हिशोबानं, ठोकणारा जरा वेळ गप बसला की दार आपोआप उघडायचं. बंद असताना परत ठोकलं, तर वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

मी म्हणालो, चोरांना कावून सवलत द्यायलास?

"सगळेच चोर नसतेत बे. एखादा पासवर्ड विसरलेला असतो. त्याला जरा दम काढू दे की."

मग एकदा निकालाच्या दिवशी मुलींचं अख्खं होस्टेल ब्लॉक झालं. होस्टेलमधल्या सगळ्या मोबाईलचा बाहेर दिसणारा ॲड्रेस एकच. पोरी रिफ्रेश करत बसल्या आणि फायरवॉलला वाटलं, एकच माणूस येड्यासारखा ठोकायलाय.

नियम माझा, म्हणून बोलणी मला. अप्पानं दोन ओळी टाकून होस्टेलला वाट मोकळी केली. दुसऱ्या दिवशी पोरी पेढे घेऊन आल्या. कुणाला? अप्पाला.

नियम बरोबरच होता, हे मी आजही सांगतो.

त्यानं एक पेढा माझ्या कीबोर्डजवळ ठेवला. मी हात लावला न्हाई. तो चहाला गेल्यावर खाल्ला.

असा सगळा प्रकार. माणसं त्याला चिकटायची आणि मी शेजारी बसून बघायचो.

पण खरं झोंबलं ते वेगळंच.

अप्पाच्या छातीत दुखायचं. हे कॅन्टीनवाल्याला माहीत. झेरॉक्सवाल्याला माहीत. लातूरला तपासायला गेलता तेव्हा मावसभाऊ सोबत. मला काय सांगितलं? "पाहुण्यात लग्नाला गेलतो."

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसायचो. मलाच माहीत न्हाई.

माती द्यायला गेलो, तिथं कॅन्टीनवाला म्हणाला, "सर, तुम्हाला बोलले न्हाईत ते?" इतकी आग झाली अंगाची, की डोळ्यांत पाणीसुद्धा आलं न्हाई. घरी येऊन बायकोशी भांडलो.

माणूस गेला, की सर्व्हरवरचे त्याचे पासवर्ड बदलायचे असतात. ते पण मीच केलं. दुसरं कोण करणार?

मागच्या आठवड्यात फायरवॉल बघत होतो. एक ॲड्रेस लई चिवट. बंद असतानाही ठोकतोय, म्हणून वेळ पुन्हा पहिल्यापासून, म्हणून दार उघडतच न्हाई. म्हणलं, ह्याला कायमचा घालवू.

ॲड्रेस नीट वाचला आणि हात थांबला.

तो अप्पाच्या घरचा होता. घरून काम करता यावं म्हणून आम्हीच घेतलेला, कधी न बदलणारा.

तसाच गाडी काढून त्याच्या घरी गेलो. अप्पाचा मोबाईल देवळीत चार्जिंगला. वहिनी म्हणाल्या, लोकांचे फोन येतेत, म्हणून चालू ठेवते. त्यात आमच्या सर्व्हरचं ॲप होतं. जुना पासवर्ड घेऊन ते आपलं आपणच ठोकत बसलेलं.

वहिनींनी चहा ठेवला. मला राहवलं न्हाई. विचारलं, वहिनी, गावाला सांगितलं त्यानं, मलाच कावून न्हाई सांगितलं?

वहिनींनी पदरानं कप पुसला.

"भाऊजी, ते म्हणायचे, त्याला कळलं तर मला उद्याच घरी बसवील. आन् मला तर त्याच्या शेजारी बसायचं हाय."

मी चहा तसाच ठेवून अंगणात गेलो. तिथं रडलो. एकदाचा.

खरंच होतं त्याचं. मी त्याला घरी बसवलंच असतं. रजेचा अर्ज मीच लिहिला असता.

मोबाईल बंद केला न्हाई. ॲप पण काढलं न्हाई. कॉलेजात आलो आणि अप्पासारख्याच दोन ओळी टाकल्या. पासवर्ड जुना, त्यामुळं आत येणं व्हायचं न्हाई. पण त्या ॲड्रेसला माझी फायरवॉल आता दार लावत न्हाई. हे नियमात बसत न्हाई, मला माहीत हाय. कुणी विचारलं तर मी बघीन.

जिवलगांनो, तुमच्या पोस्ट चालू द्या. तुम्हाला त्यानं दुखणं सांगितलं.

बसायला तो माझ्याजवळ आला. आता जळा तुमी.

अप्पा, श्रद्धांजली वाहायला हे सगळे हायेत. माझ्याकडून तेवढं होईना. तुझ्या खुर्चीवर मी कुणाला बसू देत न्हाई.

तू ठोकत राहा बे. मी शेजारीच हाय.