बेंजोकडे पाठ करून

जळबा पाईकराव वाद्य पारखायला बसले की वाद्याकडे पाठ करून बसायचे. तोंड भिंतीकडे, मांडी घातलेली, हात गुडघ्यांवर. मागे द्वारकाबाई, म्हणजे त्यांची बायको, बेंजोचं एकेक बटण दाबत जायच्या आणि हे "पुढं" किंवा "थांब" एवढंच म्हणायचे. नव्या माणसाला वाटायचं, घरात काहीतरी बिनसलंय.

द्वारकाबाईंना बेंजो वाजवता येत नव्हता. शेवटपर्यंत आला नाही.

ही पद्धत पहिल्यापासूनची नव्हे. चौऱ्याहत्तर सालापर्यंत जळबा सगळ्यांसारखंच करायचे. वाद्य मांडीवर घ्यायचे आणि वाजवून बघायचे. हिंगोलीच्या एका कापूस जिनिंगमध्ये ते फिटर होते. रोलरच्या आवाजावरून कुठलं बेअरिंग जायला आलंय ते सांगायचे, आणि तोच कान घेऊन भीमगीतांच्या गायन पार्ट्यांची वाद्यं तपासून द्यायचे. बेंजो तेव्हा प्रत्येक पार्टीत असायचा. लांबट पेटी, तिच्यावर तारा, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या तुकड्यानं तार छेडायची. कळमनुरीपासून औंढ्यापर्यंत कुणी बेंजो घेतला की आधी विचारणा व्हायची, जळबा मामानं पाहिला का? त्यांनी "घ्या" म्हटलं की घ्यायचा.

त्या वर्षी मार्चमध्ये डोंगरकड्याच्या सोजराबाई नरवाडे त्यांना घेऊन लालसिंगच्या दुकानात आल्या. सोबत धाकटा भाऊ भिवाजी. सोजराबाईंची स्वतःची गायन पार्टी होती. बाई गायची, भाऊ बेंजो वाजवायचा. एरवी भिवाजी इसापूरच्या धरणावर दगडाच्या कामाला होता. जयंतीला जवळा बाजारात दोन पार्ट्यांचा सामना ठरला होता आणि त्यांना पहिल्यांदाच बोलावणं आलं होतं. समोरची पार्टी नांदेडची, नावाजलेली. त्यांच्याकडे विजेवरचा बेंजो होता.

लालसिंगचं दुकान बसस्टँडसमोर. भोंगे, बॅटऱ्या, वायरींची भेंडोळी. त्यानं फडक्यात गुंडाळलेलं वाद्य काढून टेबलावर ठेवलं. काळी चकचकीत पेटी, पांढरी बटणं, कडेला सोनेरी अक्षरं. तारांखाली चुंबकाची कांडी बसवलेली आणि तिथून निघालेली वायर. ती आवाज वाढवायच्या मशीनला जोडली की सूर सरळ भोंग्यात.

"जपानी माल है, जळबाभाऊ. बंबई से आया."

"जपानी कशावरून?" सोजराबाई म्हणाल्या.

"ये देखो ना, लिखा है."

"काय लिवलंय?"

"वही लिखा है, जपान."

"तुमाला वाचता येते?"

"अरे बाई, मैं जपान का हूँ क्या?"

भिवाजी वाकून अक्षरं बघत होता. "अक्का, असलीच अक्षरं आमच्या धरनावरच्या इंजिनियर सायबाच्या पेनावर हायेत. त्यो म्हंते, पेन चिनी हाये."

"हळू बोल, पोरा," लालसिंग एकदम मराठीवर आला. "चीनचं नाव घेतलं की गिऱ्हाईक पळते."

"मंग चिनी असंल तं भाव जपानी काहून?" सोजराबाईंनी धरलंच. "आन त्यो पेन कसा चालते रे, भिवा?"

"लई झाक. सायेब कुनाला हात लावू देत न्हाई."

"म्हंजे चिनी वस्तू वाईटच असती असं न्हाई."

"मी काय सांगून राहिलो मंग!" लालसिंग म्हणाला. आता तो चीनच्या बाजूचा झाला होता.

जळबांनी या वादात लक्ष घातलं नाही. त्यांनी पेटी उलटी केली, बुडाशी नाक नेलं, लाकडाचा वास घेतला. वरचं लाकूड पातळ, आतली पट्टी चांगली. स्क्रूच्या खाचा साफ, एकही झिजलेली नाही. बटणांच्या स्प्रिंगा सारख्या ताणाच्या. मग पेटी मांडीवर घेतली, लालसिंगनं वायर मशीनला जोडली, आणि जळबा वाजवू लागले.

बसस्टँडवरची चार माणसं दाराशी आली. पानवाला हातातला कात तसाच ठेवून ऐकत राहिला. भोंग्यातून आवाज इतका गोड निघत होता की सोजराबाईंनी भाव आणखी पाडायचं सोडून दिलं.

"जपानी की चिनी मला ठावं न्हाई," जळबा म्हणाले. "नग खरा हाये. घ्या."

घेतला.

सामन्याला आठवडा राहिला असताना, रविवारी सकाळी, बहीणभाऊ जळबांच्या दारात उभे. सोजराबाईंचं तोंड उतरलेलं, भिवाजीचं त्याहून.

"जयभीम, मामा."

"जयभीम. या, बसा. काय झालं?"

"मामा, बेंजो माझ्या गळ्यासंगं भांडून राहिला. खाली गाते तवर बराबर, वर चढलं की ह्यो माझ्याबी वर जाते. लोकाला वाटते बाईच बेसूर झाली."

जळबांनी बेंजो घेतला. वाजवला. खालपासून वरपर्यंत, पुन्हा वरून खाली. गोड.

"कुठं काय? बराबर तं हाये."

"हेच म्हन्ते मी! तुमच्या हातात बराबर वाजते."

जळबांनी भिवाजीकडे पाहिलं. मग त्याच्या हातांकडे. दगड फोडणारे हात, नखं काळवंडलेली, अंगठ्याला भेग. "वाजव बरं."

भिवाजीनं वाजवलं. वरच्या बटणांवर गेल्याबरोबर सूर कडू झाला.

"हात जड हाये तुझा," जळबा म्हणाले. "घन मारल्यावानी दाबतोस."

"मामा, जुन्या बेंजोवर कधी..."

"जुना साधा होता. त्यात झाकून जायचं. हे मशीन हाये, भोंग्यात समदं उघडं पडते."

बेंजो मांडीवरून उतरवून भिवाजीनं सतरंजीवर ठेवला आणि अंगठ्याची भेग चोळत बसला.

सोजराबाईंनी पदर सावरला. घरून ठरवूनच आल्या असाव्यात. "मामा, मंग एक करा. जवळ्याला तुमीच बसा माझ्या बाजूला. भिवा टाळ धरंल."

"मी?"

"आपली इज्जत हाये तिथं. नांदेडवाल्यांम्होरं."

जळबांनी घसा खाकरला. चाळीस वर्षांच्या माणसासारखं नाही, लग्नात वरमाळेला पुढं झालेल्या पोरासारखं. "बघू. जिनिंगमधून रजा काढावी लागंल. निघंल म्हना."

चुलीपाशी द्वारकाबाई भाकरी थापत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "लेकाच्या जावळाला रजा निघत न्हवती. आता लगोलग निघाली."

"तू भाकर कर."

"करूनच राहिले." पण त्या उठल्या. पिठाच्या हातांनीच सतरंजीपाशी येऊन बसल्या. "हे दाबायचं?"

"अगं, पीठ लागंल!"

"पीठच हाये, शेन न्हाई." त्यांनी एका हातानं वरचं एक बटण दाबलं आणि दुसऱ्या हातानं तार छेडली. कडू. शेजारचं दाबलं. तेही कडू. "आता बोला. माझा बी हात जड? मी कधी घन मारला?"

"तुला वाजवता येत न्हाई, द्वारका. येडी हाईस का?"

"येत न्हाई म्हनून तं जसं हाये तसं बोंबललं. तुमी हातात घेतलं की त्याला शान्यावानी वागावं लागते."

सोजराबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. जळबांना हसू आलं नाही. त्यांनी बेंजो पुन्हा मांडीवर घेतला आणि या वेळी सुराकडे नाही, स्वतःच्या बोटाकडे बघत वाजवला. खालच्या बटणांवर बोट नीट बसत होतं. वरच्या बटणांवर ते जेमतेम टेकत होतं आणि लगेच उडत होतं. एकाही वरच्या सुरावर ते थांबत नव्हतं. त्यांनी बोटाला असं काही सांगितलं नव्हतं.

त्यांनी बेंजो द्वारकाबाईंपुढे सरकवला आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"खालपासून दाब. एकेक. घाई करू नको."

"किती जोरात?"

"दाराची कडी लावतीस तेवढ्या."

द्वारकाबाई दाबत गेल्या. सात बटणांपर्यंत जळबा "पुढं" म्हणाले. आठव्याला थांबले. "परत." परत. "पुढं... थांब." त्यानंतर प्रत्येक बटणाला "थांब". जितकं वर जावं तितका सूर जास्त चढलेला.

चुलीवर भाकरी करपल्याचा वास आला. कुणी उठलं नाही.

जळबा वळले ते सोजराबाईंकडे नाही, भिवाजीकडे.

"भिवाजी, तुझा हात बराबर हाये. माझी पारख चुकली. दुकानातबी चुकली, आन आत्ता तुला बोललो ते बी."

भिवाजीनं मान खाली घातली. "ऱ्हाऊ द्या, मामा."

"ऱ्हाऊ कसं देऊ? चार लोकांत माझ्या शब्दावर घेतला तुमी. मी नग तपासलाच न्हाई. नुसता वाजवून दाखवला."

दोष कशात होता ते जळबांना फिटरच्या नजरेनं मग लगेच दिसलं. तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात ती कारखान्यात तिळभर पुढं बसवलेली होती. भोकंच तिथं पाडलेली. तार आखूड पडत होती, त्यामुळे वरचे सूर चढत होते. लाकूड वाईट नव्हतं, स्प्रिंगा वाईट नव्हत्या. तिकडं कुठंतरी कुणा कारागिराचं माप हुकलं होतं.

"घोडी मागं घ्यावी लागंल," ते म्हणाले. "नवी भोकं पाडावी लागतील. वरचं लाकूड पातळ हाये. चिरलं तं बेंजो संपला."

"आन न्हाई पाडली तं?" सोजराबाईंनी विचारलं.

"मंग मी वाजवतो जवळ्याला. माझ्या हातात कुनाला कळनार न्हाई."

सोजराबाई भावाकडे बघून राहिल्या. सामना जिंकायचा तर सोपी वाट समोर होती. भिवाजी अजून खालीच बघत होता.

"पाडा भोकं," त्या म्हणाल्या.

तारा सैल केल्या. घोडी काढली. जळबांनी हातानं फिरवायचा गिरमिट घेतला, टोकाला साबण लावला. पण माप कशानं घ्यायचं? त्यांना आता स्वतःच्या हातावर भरवसा ठेवायचा नव्हता.

"सोजराबाई, तुमी मोकळ्या तारेचा सूर गा. मंग तोच सूर वरच्या सप्तकात गा. द्वारका त्याच सुराचं वरचं बटन दाबंल. दोन्ही एक झाले की भिवाजी रेघ मारंल."

तारा पुन्हा ताणल्या आणि घोडी नुसती तारांच्या दाबावर ठेवून केसाकेसानं मागं सरकवत गेले. सोजराबाई गात होत्या, द्वारकाबाई दाबत होत्या. "अजून," सोजराबाई म्हणायच्या. "अजून. आता जास्त झालं." द्वारकाबाईंचं बोट दुखायला लागलं. "या बाईला पगार लावा," त्या म्हणाल्या. मग एकदा सोजराबाईंचा आवाज आणि तारेचा आवाज असे मिसळले की कुठला कुणाचा ते कळेना. भिवाजीनं पेन्सिलीनं रेघ मारली.

तारा परत सैल करून, घोडी बाजूला काढून जळबा गिरमिट फिरवू लागले. पहिलं भोक पडलं. दुसऱ्याला लाकूड करकरलं. जळबांनी गिरमिट उलटा फिरवून बाहेर काढला, बोटानं चाचपलं. चीर नव्हती. स्क्रू आवळले, तारा ताणल्या आणि बेंजो भिवाजीच्या मांडीवर ठेवला.

"वाजव. जसा वाजवतोस तसाच. हात हलका करू नको."

ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले. भिवाजीनं खालून वरपर्यंत एकेक सूर थांबून थांबून वाजवला. शेवटचा सूर विरेपर्यंत जळबा एकदाही "थांब" म्हणाले नाहीत.

करपलेली भाकरी त्या दिवशी जळबांनीच खाल्ली. वाढणाऱ्या बाईनं तीच पुढं सरकवली होती.

जवळा बाजारच्या सामन्यात भिवाजी बसला. जळबा प्रेक्षकांत होते. कोण जिंकलं यावर डोंगरकड्यात आणि नांदेडात अजून एकमत नाही. सोजराबाई वरच्या सुरावर बराच वेळ थांबल्या आणि बेंजो त्यांच्यासोबत थांबला, यावर मात्र दोन्हीकडे एकमत आहे.

पावसाळा संपल्यावर लालसिंगनं जळबांच्या घरी निरोप धाडला. तसलेच पाच बेंजो आले होते. तीच काळी पेटी, तीच सोनेरी अक्षरं. डोंगरकड्याचा बेंजो जळबांनी पास केला म्हणून गिऱ्हाइकं आधीच विचारून गेली होती. जळबांनी नुसतं "हो" म्हणावं, एवढंच काम.

"पास केला न्हवता, नापास झालो होतो मी," जळबा दुकानात शिरताच म्हणाले. मागून द्वारकाबाई आल्या, डोक्यावर पदर, हातात बाजाराची पिशवी.

"भाभीजी को काहे को तकलीफ?"

"पारखायला."

लालसिंगनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. जळबा पोत्यावर बसून भिंतीकडे वळले. भिंतीवर बॅटऱ्यांची जाहिरात होती, तिच्याकडे बघत राहिले. द्वारकाबाईंनी पिशवी खाली ठेवली, पदराला बोट पुसलं आणि पहिल्या बेंजोचं पहिलं बटण दाबलं.

तासाभरात दोन बेंजो एका बाजूला निघाले, तीन दुसरीकडे.

"हे दोन इका," द्वारकाबाई म्हणाल्या. "या तिघांच्या घोड्या सरकवून घ्या आधी. आन गिऱ्हाइकाला सांगून इका."

"सब एक ही कारखाने का माल है, बाई!"

"माझी पाच भावंडं एकाच आईची हायेत. एकच कामाचा निघाला."

लालसिंगनं डोक्याला हात लावला. मग जरा संशयानं विचारलं, "बाई, तुमको बजाना आता है?"

"न्हाई," द्वारकाबाई पिशवी उचलत म्हणाल्या. "म्हनून तं आनलं मला."