वाढत्या मापाची एकचाकी

सरकारी कारखान्यात माझं काम सुटे भाग तपासण्याचं. आलेला माल आधी खोटा धरायचा आणि मगच पट्टी लावायची. ही नोकरीची खोड घरात शिरली, असं बायको म्हणते. खरं सांगायचं तर मी नोकरीच्या आधीपासूनच असा आहे.

त्यामुळे बारा वर्षांच्या लेकीने एकचाकी सायकल मागितली, तेव्हा पहिला संशय तिचाच आला. दोन दिवसांचं खूळ असणार! हेब्बाळला आमच्या सोसायटीत पाच-सहा मुलं रविवारी सकाळी एकचाकीवरून फिरतात, तिला त्यांच्यात जायचं होतं. पण पोरगी सहसा काही मागत नाही, म्हणून राजाजीनगरातल्या एका दुकानात घेऊन गेलो.

दुकानदार बेळगावकडचा. आमचं बोलणं ऐकून तोही कानडी सोडून मराठीत सुरू झाला आणि माझे कान टवकारले. गिऱ्हाईक आपलंसं करायची ही जुनी युक्ती.

"अण्णा, माप बूट घालूनच घ्यायचं बघा," असं म्हणत त्याने लेकीला भिंतीला पाठ लावून उभं केलं. दोन पायांच्या मध्ये एक जाड वही वरपर्यंत धरायला लावली आणि तिथून जमिनीपर्यंत टेप सोडली. "सहासष्ट सेंटिमीटर. वीस इंची चाक सरी होतंय, बरोबर बसतंय."

वर्षभरात हिचे पाय वाढणार आणि मी पुन्हा याच्याच दारात! डाव माझ्या लक्षात आला. आमच्याकडे गणवेश आत दुमड घालून शिवतात, बुटांच्या टोकात कापूस कोंबतात. मी चोवीस इंची मागितली.

"पाय पुरायचे नाहीत हो. सीट स्वल्पच खाली जाते, खाली चाक हाय की," तो म्हणाला. मी ती चोवीस इंचीच घेऊन आलो.

पंधरा दिवसांनी लेक म्हणाली, "बाबा, मला नाही जमत. माझ्यातच काहीतरी कमी आहे." मुलं चिडवत असतील, असं मला वाटलं. पुढच्या रविवारी पार्किंगच्या खांबाआड उभा राहिलो.

कुणी चिडवत नव्हतं. उलट एक मुलगी तिचा हात धरून चालत होती. सीट अगदी तळाला टेकलेली, तरी पेडल खाली गेलं की लेकीचा पाय अधांतरी राहायचा आणि ती घसरून पडायची. बाकीच्यांचे गुडघे तिथे किंचित वाकलेले दिसत होते. तिचा गुडघा सोलला होता. तो तिने हाताने पुसला आणि पुन्हा चढली.

त्याच दुपारी लेकीला आणि ती सायकल घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने टायर हाताने पुसलं, आतून वीस इंची आणली आणि सीटची उंची लावून दिली. एका शब्दाने टोचलं नाही.

लेकीने माझी बाही ओढली. "बाबा, हा इतक्या सहज का बदलून देतोय? यात नक्की काहीतरी असणार."

आवाज तिचा होता, पण बोलत मी होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काही नाही गं," मी म्हणालो. "त्याचं माप बरोबर होतं. चुकलो मी."

तिने नव्या सायकलवरचा हात काढला नाही, पण माझ्याकडे डोळे बारीक करून बघत राहिली. माझ्यावर तरी विश्वास ठेवावा का, हे ती तपासत होती.