साक्षीदाराची सही

साक्षीदाराच्या सहीशिवाय एकही चांगलं काम न केलेला माणूस या भूतलावर एकच आहे, आणि तो माझा आतेभाऊ आहे. कॉलेजात असताना आम्ही दोघांनी तरुणांसाठीच्या एका पुरस्कार योजनेत नाव घातलं होतं. कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा तिच्या तीन पायऱ्या. सेवा, कौशल्य, व्यायाम आणि साहस यांत घातलेला प्रत्येक तास वहीत लिहायचा आणि बघणाऱ्याची सही घ्यायची. पंचविशीच्या आत सुवर्ण मिळालं तर मिळालं, नाहीतर संपलं. त्याचं सुवर्ण एका मोहिमेवाचून राहिलं, आणि ते माझ्यामुळे राहिलं. हे मी इथेच सांगून टाकतो, कारण त्याला सांगायला मला बावीस वर्षं लागली.

पंचविशी उलटली, पण गड्याची वही काही संपली नाही. आज सत्तेचाळिशीतही तो एडवणहून स्कूटरवर बोईसरच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून जातो आणि डबा खाऊन झाला की वही काढतो. शेजाऱ्याच्या पानवेलीला पाणी घातलं, सेवा. किनाऱ्यावर पळून आला, व्यायाम. एका वर्षी कौशल्यात त्यानं केस कापणं घेतलं आणि डोकं माझं घेतलं. महिनाभर मी ऑफिसात टोपी घालून बसत होतो. "मागून बरा दिसतोस," म्हणून त्यानं वही पुढे केली, आणि मीही मुकाट सही केली.

मुलगी बघायला गेला तेव्हा तर हद्द झाली. पोहे झाले, ओळखी झाल्या, आणि यानं भावी सासऱ्यांपुढे वही सरकवली. "संवादकौशल्य, पाऊण तास. इथं सही करा." मी शरमेनं अर्धा झालो. सासरे बिचारे चष्मा शोधायला लागले, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "पाऊण तास कुठं बोललेत? दहा मिनिटं लिवा." यानं खोडून दहा लिहिलं आणि तिथल्या तिथं होकार दिला. वाटेत मला म्हणतो, "हीच पायजे. ही खोटी सही करनार नाय." वहिनी आजही घासलेल्या भांड्यांवर बोट फिरवून मगच सही करतात.

कारखान्यातल्या एका कंत्राटी कामगारापुढे वही धरली तर तो म्हणाला, "साहब, अपना तो अंगूठा चलता है." वहीत अंगठा चालत नाही, म्हणून यानं रोज डब्याच्या सुट्टीत त्याला नाव लिहायला शिकवलं. मग त्याच्या शेजारच्याला. आज याच्या हाताखालचे अकरा जण हजेरीवर ऐटीत सही करतात.

माझ्या वहीची तऱ्हा निराळी होती. 'आजोबांना पेपर वाचून दाखवणे, साठ तास' असं मी सेवेत लिहिलं होतं. त्या दोन महिन्यांत आजोबा आत्याकडे, म्हणजे याच्याच घरी, राहत होते. साक्षीदाराची सही मी डाव्या हातानं केली होती. एवढ्या भांडवलावर मी कांस्य आणि रौप्य मिळवलं आणि सोसायटीत सत्कारही करवून घेतला.

सुवर्णाची मोहीम मात्र चार दिवसांची, पायी, मनोरच्या बाजूनं अशेरीगडावर. तिथे डावा हात कामाचा नव्हता. तिसऱ्या दिवशी कातळ आला, मी वर पाहिलं आणि माझी पाचावर धारण बसली. घाबरलो म्हणायला जीभ रेटेना. मग मी मटकन खाली बसलो आणि पाय मुरगळला म्हणून बोंब ठोकली. बाकीचे तिघं वर गेले. हा आमच्या गटाचा नायक. तो मला खांद्याचा आधार देत खाली घेऊन आला आणि एसटीत बसवून पार घरी सोडून गेला. पुढच्याच महिन्यात त्याला पंचवीस पूर्ण झाली. मी आठवडाभर पायाला पट्टी बांधून शिरा खात होतो.

दहा दिवसांपूर्वी एडवणला गेलो तर त्याला पालघरच्या एका कॉलेजातून निमंत्रण आलेलं. योजनेत नाव घातलेल्या नव्या मुलांशी बोला म्हणून. "तू जा," तो मला म्हणाला. "तुझा सत्कार तरी झालेला. माझं सुवर्ण झालं नाय, मी कोनत्या तोंडानं सांगू?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं आवळून धरलेलं भडाभडा बाहेर आलं.

"अरे, माझा पाय मुरगळलाच नव्हता. मी घाबरलो होतो."

"ठाऊक हाय."

त्यानं कपाटातून एक जुनी वही काढून माझ्यापुढे धरली. 'घाबरलेल्या मामेभावाला सुखरूप घरी पोचवलं. सेवा, सहा तास.' खाली साक्षीदार म्हणून माझीच सही होती, एसटीत न वाचता ठोकलेली.

"मग बोलला का नाहीस रे?"

"तू सांगशील म्हनून थांबलेलो."

"आणि सुवर्ण?"

"वाईट वाटलं. लई दिवस वाटलं. पन तू कातळाखाली थरथरत होतास, तुला सोडून कसा जानार?"

मला रडू आवरेना. चांगला पंचेचाळीस वर्षांचा घोडा मी, त्याच्या ओटीवर बसून हमसून हमसून रडलो. वहिनींनी न विचारता चहा आणून ठेवला. जरा सावरल्यावर मी म्हटलं, "आता जाऊया का रे गडावर, दोघंच?"

त्यानं माझ्या पोटाकडे बराच वेळ पाहिलं. "आधी महिनाभर जिना चढ. वहीत लिव. मी सही करीन. आनि कॉलेजात आपन दोघंबी जाऊ, झालं तसं सांगू."

गेले नऊ दिवस मी आमच्या इमारतीचा जिना चढतोय. चौथ्या मजल्यापर्यंत शेजारपाजारचे दार उघडून बघतात, काही जण पाणीही विचारतात. संध्याकाळी तो बोईसरहून परतताना वाकडी वाट करून येतो आणि सही करतो. खरंच चढलास का, असं एकदाही विचारत नाही. मंगळवारी माझ्यानं दोनच मजले झाले. वहीत मी दोनच लिहिले.