तबकातलं कुंकू

घासलेलं पितळी तबक काकू खिडकीशी न्यायच्या, कपाळासमोर धरायच्या आणि विचारायच्या, “यात माझं कुंकू कुठंय?” दिसलं तर तबक उजळ. नाही दिसलं तर पुन्हा चिंच, पुन्हा राख.

लक्ष्मी गेटजवळच्या त्या घरी मी सात वर्षं भांडी घासली. उत्तरेकडचं शहर, बाहेर सगळीकडे हिंदी. मराठी कानावर पडायची ती तिथेच, म्हणून ते काम सोडवत नव्हतं. बोलणी खायचीच तर आपल्या भाषेत खावीत.

काकूंना सगळंच उजळ हवं. नातवाचं अक्षर उजळ हवं. सून उजळ हवी म्हणून त्यांनी तीन मुली नाकारल्या होत्या. भाजीवाल्याला म्हणायच्या, “भैया, बैंगन में चमक नहीं है।” तो म्हणायचा, “अम्माजी, बैंगन है, आईना थोड़ी है!” मग हसून तेच वांगं घ्यायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हसतात तेव्हा त्यांचा राग धरता येत नाही.

एकदा मी पुडीचा कागद वाचत होते. पाहुण्यांसमोर म्हणाल्या, “चौथी शिकलेली तू. वाचून काय उजेड पाडणार आहेस?” सगळ्या हसल्या. कागद मी केराच्या बादलीत टाकला. ते बोलणं मात्र टाकता आलं नाही.

मग एका वर्षी महालक्ष्म्यांच्या आधी त्यांना तबकात कुंकू दिसेना. मला दिसत होतं. तीनदा घासलं, बोटांची सालं निघाली.

“कामचोर झालीयस,” त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात त्यांनी चहा कपाच्या बाहेर ओतलेला मी पाहिला. बाजूनं कुणी गेलं की दचकायच्या. माझ्या आईचं असंच झालं होतं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, लवकर आणलंत तर उरलेली वाचते, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे मला कळलं होतं. त्यांच्या सुनेला सांगायला दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. मी लाजरी आहे, हे खरं. पण लाज निम्मीच होती. उरलेल्या निम्म्यात वाटत होतं, शोधू देत कुंकू.

दोन दिवसांनी त्यांनी मला काढून टाकलं.

पुढच्या वर्षी त्यांची सून मानिक चौकात भेटली. “आईंना आता काहीच दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. घरात कुणाच्या लक्षातच आलं नाही हो.”

मी “अरेरे” म्हटलं.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. काकू खिडकीशी बसल्या होत्या. कुंकू स्वतःच लावलेलं, एका भुवईवर गेलेलं. मांडीवर तेच तबक, काळं पडलेलं. माझा आवाज त्यांनी लगेच ओळखला.

“आलीस? आता नवी बाई घासते. बघ बरं, दिसतंय का माझं कुंकू?”

त्यांनी तबक उचलून कपाळासमोर धरलं. जुनीच सवय, पण ते उलटं धरलं होतं.

“दिसतंय काकू,” मी म्हटलं. “अगदी उजळ.”

“बघ! तुला सात वर्षांत जमलं नाही.”

आणि हसल्या.

सांगायचं ते राहिलं. यंदा काकू नाहीत.