भिंतीपलीकडचा ठोका

‘अंदाजानं टाकायचं’ असं कोणी म्हटलं की अजूनही माझं डोकं फिरतं. ज्याचा हात बसलेला आहे त्यानं ते खुशाल म्हणावं. मी स्वयंपाक शिकायला लागले तेव्हा माझ्याकडे अंदाज नव्हता आणि माझ्या मायकडे वेळ नव्हता.

आम्ही लोणारला राहायचो. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. माय छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली होती. मी सातवीत होते, धाकटी बहीण अजून शाळेतही जात नव्हती, आणि वडील दिवसभर शेतात. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मायला धुरापासून लांब ठेवायला बजावलं होतं. तिनं नेमकं उलट केलं. आपली खाट मधल्या खोलीत, स्वयंपाकघराच्या भिंतीला लावून घेतली आणि पडल्या पडल्या मला शिकवू लागली.

तिची घाई कशासाठी होती ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. वडिलांची थोरली बहीण, आमची आत्या, दुसरबीडला राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. दर खेपेला ती धाकटीला मांडीवर घेऊन म्हणायची, “हिले मी नेते. या घरात लेकराले कोण रांधून घालीन?” तिच्या मनात वाईट काही नव्हतं, पण मायनं त्याची धास्ती घेतली होती. आत्या गेली की ती मला जवळ बोलवायची. “तुले सैपाक आला तं दोघी बहिणी एका जागी राहाल. ध्यान देऊन शिक.”

मग मिसळणाचा डबा आणि मसाल्याच्या पुरचुंड्या खाटेवर मांडल्या जायच्या. “डोळे मीट. नाकानं पाह्य,” ती म्हणायची आणि माझ्या तळहातावर चिमूटभर काहीतरी ठेवायची. हिंग कोणालाही ओळखू येतो. दगडफुलाला जुन्या माठासारखा वास होता, तोही पक्का बसला. जिरं आणि शहाजिरं मात्र मी पुन्हा पुन्हा चुकले, आणि चुकले की चिडून डबा आपटायचे. माय चिडत नसे. “धने भाजताना वास बदलला की काढ. रंगाची वाट पाह्यशील तं करपून जाते,” असं सांगायची. तिला स्वतःला पथ्याची आळणी पेज होती. मी उठले की बोटांना लागलेला मसाला ती नाकाशी धरून बसायची. मला ते बघवत नसे.

खरं संकट फोडणीचं होतं. आमच्या चुलीत पऱ्हाट्या जळायच्या. कापसाच्या त्या वाळक्या काड्या भडकन पेटतात, त्यामुळे तेल कधी तापलं आणि कधी जळायला लागलं यात फारसं अंतर उरत नाही. माय भिंतीपलीकडून मोहरीची तडतड ऐकायची. “आता जिरं, लसूण टाक... हं, आता हळद, तिखट... वरण ओत, वरण!” तिखट जरा जळलं की तिला ठसका लागायचा, तोंडाला लावलेल्या पदरावर रक्त यायचं, आणि तरी खाट हलवू द्यायची नाही. पुढं तिचा आवाजच बसला. तेव्हा तिनं पितळेचं फुलपात्र हाताशी घेतलं. भिंतीवर पहिला ठोका पडला की जिरं-लसूण. दुसरा पडला की हळद-तिखट, आणि लगेच वरण. ठोका कधी चुकला नाही, म्हणून माझी फोडणीही चुकेनाशी झाली. वडील जेवताना म्हणायचे, “अगदी तुह्यासारखं झालं,” आणि पलीकडून माय हसल्यासारखी खोकायची. मला वाटलं, आलं आपल्याला. आता धाकटीला कोण नेतो बघू.

उन्हाळा लागता लागता माय गेली.

आमच्याकडे सुतकात घरात फोडणी देत नाहीत. भावकीतून बेसन-भाकरी येते, ती खायची. दिवस झाले की कढई चुलीवर चढते आणि पहिली फोडणी घरच्या बाईनं द्यायची असते. आमच्या घरची बाई कोण, असा प्रश्न त्या दिवशी पडला. आत्या पदर खोचून उठली. मी म्हणाले, “मी देते.”

“दे बाई, दे,” आत्या म्हणाली आणि बाजूला झाली. भावकीतल्या बाया दाराशी उभ्या राहिल्या. मायची खाट काढून टाकली होती. त्या रिकाम्या जागी वडील भिंतीला टेकून बसले होते. फुलपात्र वरच्या कोनाड्यात होतं.

तेल तापलं. मोहरी टाकली, ती तडतडली, आणि मी जिऱ्याची चिमूट धरून थांबले. ठोका पडणार नाही हे मला कळत होतं, पण हाताला ते कळत नव्हतं. मी फोडणी शिकलेच नव्हते. मी फक्त मायचं ऐकायला शिकले होते. मोहरी काळी पडली, कोणीतरी “अगं टाक ना!” म्हणून ओरडलं, आणि मी जिरं, लसूण, हळद, तिखट सगळं एकदम धुरावलेल्या तेलात टाकलं. घरभर ठसका उठला. बाया पदर तोंडाला लावून अंगणात पळाल्या. वरण कडूजहर झालं.

आत्या रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “तुही काय चुकी? लहान हायेस तू,” म्हणाली आणि नवीन वरण लावलं. जेवणं झाली. उन्हं कलल्यावरच्या एसटीनं ती धाकटीला घेऊन गेली. धाकटीला गंमतच वाटत होती. ती खिडकीतून हात हलवत हसत होती.

संध्याकाळी मी पुन्हा चूल पेटवली. भूक कोणाला नव्हती, पण मला राग आला होता, चुलीचा, कढईचा, सगळ्यांचा. तेल तापलं, मोहरी तडतडली, आणि भिंतीवर ठोका पडला.

हातानं आपोआप जिरं-लसूण टाकलं. दुसरा ठोका पडला. हळद, तिखट, वरण. अगदी वेळेवर.

मी मधल्या खोलीत धावले. वडील फुलपात्र हातात घेऊन बसले होते. इतके महिने शेतातून आल्यावर तेही मायजवळ बसून ते ठोके ऐकत होते, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

“दुपारी काऊन नाही वाजवलं?” मी किंचाळले. “दुपारी इथंच होते ना तुमी! धाकटी राह्यली असती!”

ते माझ्याकडे बघेनात. “दुपारी माह्याच्यानं ते उचललंच गेलं नाही, पोरी,” एवढंच म्हणाले.

वरण चांगलं झालं होतं. आम्ही दोघांनी ते खाल्लं. धाकटी त्यानंतर आमच्या घरी आली ती पाहुणी म्हणूनच.